उंदरांना दारू देतात तरी कशी?

गरोदरपणी दारू नको, असं आम्ही म्हटलं की दोन शंका हटकून निघतात. बाई अर्धपोटी असते म्हणून बाळ रोडावतं, त्यात दारूचा काय दोष? आणि सणासुदीला एखादवेळी घेतली तर काय बिघडलं?

शंका रास्त आहेत. १९७३ साली अमेरिकेत सिअॅटलच्या डॉक्टरांनी दारू पिणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये चेहऱ्याची आणि वाढीची सारखीच लक्षणं नोंदवली, तेव्हा शास्त्रज्ञांनाही हेच प्रश्न पडले. गरोदर बाईला दारू पाजून बघता येत नाही, म्हणून उंदीर आले.

पण उंदीर आपणहून फारशी पीत नाही. शहाणाच म्हणायचा! मग गाभण मादीला दारू मिसळलेला पातळ आहारच देतात, दुसरं काही नाही. त्यानं ती कमी खाते. म्हणून दुसऱ्या पिंजऱ्यात आणखी एक गाभण मादी ठेवतात. पहिलीनं जेवढं खाल्लं तेवढंच मोजून हिला, फक्त दारूच्या जागी तेवढीच ऊर्जा देणारी साखर. दोघी सारख्याच अर्धपोटी. तरी दारूवालीच्या पिल्लांत जास्त बिघाड दिसला, तर तो उपासमारीच्या माथी कसा मारणार?

कधी नळीनं थेट पोटात दारू सोडतात. नळीची भीती मादीला बसतेच, म्हणून दुसरीलाही नळी घालतात, बिनदारूची. कुठे सुई, कुठे दारूची वाफ.

आता सणाची गोष्ट. माणसाच्या बाळाचा मेंदू शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्यानं वाढतो, उंदराच्या पिल्लाचा जन्मानंतर. म्हणून पिल्लांनाच दुधातून दारू दिली. १९९० च्या एका अभ्यासात काहींना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ६.६ ग्रॅम दारू बारा वेळांत विभागून दिली, काहींना ४.५ ग्रॅमच, पण दोन वेळांत. मेंदूचं नुकसान जास्त झालं ते कमी दारूवाल्या पिल्लांचं! एकदम घेतली की रक्तात दारू उंच चढते, आणि मेंदूच्या पेशी मरतात त्या चढण्यानं.

आणि वेळ? १९८१ साली लहान जातीच्या उंदरांच्या माद्यांना गाभणपणाच्या फक्त सातव्या दिवशी दोन सुया टोचल्या. पिल्लांचे चेहरे त्या मुलांसारखे निघाले. हा सातवा दिवस म्हणजे बाईचा गर्भ राहिल्यावरचा तिसरा आठवडा. पाळी चुकल्याचं तेव्हा जेमतेम लक्षात येतं.