विमानप्रवास आणि अंगातले घड्याळ

श्रोतेहो, आपल्या हिंगोली जिल्ह्यातली मुलेमुली आता शिक्षणाला, नोकरीला अमेरिकेपर्यंत जातात. मग लेकीच्या बाळंतपणासाठी आईलाही ते लांबचे विमान गाठावे लागते. औंढा नागनाथजवळच्या ज्या लायगो वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली, तिची थोरली भावंडे अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा हॅनफर्डला आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. दिवसाची जवळजवळ रात्रच झाली म्हणा ना! तिथे पोचलेल्या माणसाला मध्यरात्री टक्क जाग असते आणि भर दुपारी तो बसल्या जागी पेंगतो. भूक अवेळी लागते, पोट बिघडते. यालाच जेट लॅग म्हणतात.

‘एवढा प्रवास झाल्यावर अंग आंबणारच,’ असे आपण म्हणतो. पण हा नुसता शीण नव्हे. लंडनहून दक्षिण आफ्रिकेला रात्रभर विमानात बसून गेले, तरी हा त्रास फारसा होत नाही, कारण घड्याळ तासा-दोन तासांनीच सरकते. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. सुमारे अकरा तासांचा फरक त्यांनी जवळजवळ दोन महिन्यांत ओलांडला. म्हणजे सरासरीने रोज दहा-बारा मिनिटे. एवढे अंतर शरीर सहज कापते. विमान तेच एका दिवसात कापायला लावते, आणि शरीराची चाल साधारण दिवसाला एक तास!

हे घड्याळ असते कोठे? मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. अशी घड्याळे पेशींत कशी चालतात याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकांचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित मंद चालते, म्हणून दिवस लांबवणे त्याला सोपे आणि आखडणे जड. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, म्हणून जाणे त्या मानाने सुसह्य. परतीलाच जास्त त्रास होतो.

घड्याळाला किल्ली देतो तो उजेड. न्यूयॉर्कच्या बाजूला गेलात तर पहिले काही दिवस दुपारी तीननंतर ऊन उतरेपर्यंत बाहेर फिरा आणि तिथली रात्र होईपर्यंत नेट धरून जागे राहा. डोळा लागलाच तर वीस-पंचवीस मिनिटांत उठवायला सांगा. परत आल्यावर मात्र सकाळचे कोवळे ऊन घ्या, हा नेहमीचा सल्ला पहिले दोन दिवस बाजूला ठेवावा. कारण आपली सकाळ ही त्या शरीराच्या हिशेबी रात्रच असते, आणि त्या वेळचा उजेड घड्याळ उलटे ढकलतो. दुपारी दोननंतर बाहेर पडा, मग रोज तास-दीड तास अलीकडे या. चहा दुपारनंतर नको. (आपल्याकडे हे पथ्य सर्वांत अवघड, हे मी जाणतो.)

निघण्याआधी तीन-चार दिवस झोपेची वेळ रोज अर्धा-एक तास सरकवता आली तर उत्तमच. मधुमेहाचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मेलाटोनिनच्या गोळीने काहींना गुण येतो. पण रक्त पातळ होण्याची औषधे चालू असणाऱ्यांनी किंवा फेफऱ्याचा विकार असणाऱ्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये.

गुरुजनहो, वर्गात एक काठी उन्हात रोवा. आपली प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आणि हिंगोली सुमारे ७७ अंशांवर, म्हणून वर्षाच्या सरासरीने इथली सावली बाराच्या ठोक्याला नव्हे, तर त्यानंतर वीसेक मिनिटांनी सर्वांत आखूड होते. वेळ देशाची आणि ऊन गावाचे, हे मुलांना तिथेच उमगेल.

आणि ज्यांना विमान ठाऊक नाही, त्यांचे काय? रात्रीच्या विजेवर हळदीला पाणी देणारा शेतकरी हेच दुखणे घरबसल्या भोगतो. दोन-चार रात्रींत त्याचे घड्याळ फिरत नाही, तोच पाळी बदलते. त्याने रात्री निघण्याआधी दुपारी तास-दीड तास झोप काढावी. पहाटे परतल्यावर खिडकीला घोंगडी टांगून, अंधार करून निजावे, आणि घरच्यांनी त्याला न्याहारीसाठी उठवू नये.