उन्हावरचा आळ



वैशाखातले व्याख्यान संध्याकाळीच ठेवावे लागते, यात आपल्या नांदेड-लातूरकडच्या उन्हाचे सारे वर्णन आले. अशा उन्हात राबलेल्याची कातडी लाल व्हावी, तिची आग व्हावी, यात नवल नाही. गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, पुन्हा उन्हात जाऊ नये. आठवड्याभरात पापुद्रे निघून ती पूर्ववत होते. मात्र लिंबू चोळू नये. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले, तर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

मला बोलायचे आहे ते महिना उलटला तरी न जाणाऱ्या खाजेविषयी. शेतावर गेले की वाढते, चार दिवस घरी बसले की उतरते. आपण म्हणतो, ऊन बाधले. पण पुष्कळदा उन्हाचा एक साथीदार असतो, आणि तो आपल्या बांधावरच उभा असतो. त्याचे नाव गाजरगवत. आपण त्याला काँग्रेस गवतही म्हणतो. अमेरिका खंडातील हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्याने होणाऱ्या त्वचारोगावर डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य काहींच्या कातडीला सोसत नाही. रोप उपटावेच लागते असे नाही. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यावर आली तरी पुरे.

मग ऊन कोणते आणि गवत कोणते, हे कसे ओळखावे? ऊन वरून पडते. हनुवटीखाली, कानामागे, पापणीच्या घडीत ते सहसा पोचत नाही. धूळ मात्र तेथेही शिरते. खाज तेथेही असेल, कोपराच्या आतल्या घडीत असेल, तर गवताचा संशय घ्यावा. मात्र दुखणे जुने झाले की कातडी खुद्द उन्हालाही बिचकू लागते, आणि मग हा भेद पुसला जातो. म्हणून उशीर करू नये. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून परीक्षा करतात व कारण नेमके सांगू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि डॉक्सिसायक्लीनसारख्या औषधांनीही ऊन बाधते. तेव्हा चालू औषधे त्यांना दाखवावीत, आपल्या मनाने बंद करू नयेत.

सर्वांत मोठा धोका दुकानातून परस्पर आणलेल्या मलमाचा. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस ते वर्षभर लावतो. चेहऱ्याची कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, आणि मलम सोडताच आग दुप्पट होते. हेच औषध वैद्यकीय देखरेखीखाली, मोजक्या दिवसांसाठी, उपकारक ठरते.

गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्याला त्याची बाधा आहे, त्याने मात्र हे काम करू नये. त्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी येताच अंग धुऊन कपडे बदलावेत. एकट्याने आपले शेत साफ केले, तरी वारा शेजारच्या बांधावरून येतोच. म्हणून हे काम एका घराचे नाही, साऱ्या गावाचे आहे. या खाजेपायी कोणा शेतकऱ्याला शेत सोडावे लागू नये, एवढेच माझे मागणे आहे.