विमान दोन तासांचं, प्रवास किती तासांचा?

दिल्लीच्या सरस मेळ्याला जायचं ठरलं की गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो. “ताई, विमान दोन तासांत पोचतं म्हणतात. मग रेल्वेत सोळा तास कशाला काढायचे?” आज त्याचा हिशोब मांडू या.

मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांमधलं अंतर सरळ रेषेत सुमारे १,१४० किलोमीटर आहे. रेल्वे वडोदरा, रतलाम, कोटा अशी वळसा घेत जाते, म्हणून तिला १,३८४ किलोमीटर पडतात. विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास उडतं. तरी तिकिटावर सव्वादोन तास लिहिलेले असतात, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि उतरताना वेग कमी करणं यातही वेळ जातो.

पण ही वेळ विमानतळापासून विमानतळापर्यंतची. आपल्याला मोजायचं आहे ते घराच्या उंबऱ्यापासून.

समजा, तुम्ही माणगावच्या आहात आणि विमान सकाळी ११ चं आहे. सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे १० ला बंद होतो. रांगा धरून ९ वाजता तिथे असायला हवं. रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून घरून पहाटे ५:३० ला निघायचं. दुपारी सव्वाला दिल्ली. सामान हातात येऊन मुक्कामाला पोचेपर्यंत तीन वाजतात. झाले साडेनऊ तास.

आता राजधानी एक्सप्रेस. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास दिल्ली. घरून सकाळी दहा-अकराला निघालात, तर मुक्कामाला दुसऱ्या दिवशी दहा वाजता. झाले तेवीस-चोवीस तास.

म्हणजे खरा फरक चौदा तासांचा, एका जाण्याचा. मग तिकिटांच्या किमतीतला फरक शेजारी लिहा. घरी लहान मूल आहे, दुभती म्हैस आहे, तर तेवढा वेळ कोण सांभाळणार, त्याची मजुरी किती, तेही लिहा. बाईचा दिवस फुकटचा धरू नका. हिशोबात रेल्वे परवडली तर खुशाल रेल्वेने जा.

सामानाचंही बघा. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो सामान आणि हातात ७ किलो चालतं. पापड-मसाल्याची पोती त्यात मावणार नाहीत, ती आधी पार्सलने पाठवावी लागतील. सुकं खोबरं विमानाच्या सामानात ठेवू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून त्याला मनाई आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमानतळ कोणता ते वाचा. आता उलव्याजवळ नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. रायगडकरांना तो जवळचा. तिकिटावर ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई, ‘बीओएम’ असेल तर मुंबई. मुंबईत टर्मिनल १ आणि २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, दिल्लीतही एकाहून जास्त टर्मिनल आहेत. चुकीच्या दारात उतरलात तर विमान थांबत नाही, आणि गटाचे पैसे बुडतात.

पुढच्या बैठकीत वहीचं एक पान या हिशोबासाठी ठेवा. घरून निघण्याची वेळ वरच्या ओळीत लिहा, मुक्कामाला पोचण्याची शेवटच्या ओळीत. मग सगळ्या मिळून ठरवा.