दूध पुरतंय का?



मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. जवानांपर्यंत रेशन, पेट्रोल, रॉकेल पोचवायचं, हे आमचं काम. निवृत्तीनंतर जबलपूरला अधारतालमध्ये घर केलं. राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह, त्यांच्या नावाचा तलाव आणि तलावावरून या वस्तीचं नाव. बाहेर सगळी हिंदी, घरात मराठी, असा आमचा संसार.

आज मी बोलणार आहे तान्ह्या बाळाबद्दल. ‘अहो, तुम्ही आणि तान्ह्या बाळावर बोलणार?’ असं म्हणून बायको हसली. हसणारच. आमची मुलगी १९९० साली जन्मली तेव्हा मी उत्तरेकडच्या एका चौकीवर होतो. बातमी पत्राने आली, बारा दिवसांनी. मुलगी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती चार महिन्यांची होती आणि बाटलीने डब्याचं दूध पीत होती. मी विचारलं, ‘अंगावर पीत नाही?’ बायको म्हणाली, ‘दूध पुरलं नाही.’ विषय संपला. तीस-बत्तीस वर्षं मी तेच खरं मानून चाललो.

मग नात झाली. मुलगी बाळंतपणाला पुण्याहून आमच्याकडे आली. एप्रिल महिना, जबलपूरचा उन्हाळा सुरू झालेला. जन्माच्या वेळी बाळाचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. या वेळी मी घरात होतो आणि काहीतरी करून दाखवायचं होतं. मी एक वही घातली. तारीख, वेळ, किती मिनिटं प्यायली, किती वेळ झोपली, लंगोट किती ओले झाले. सगळं रकान्यांत.

चौथ्या दिवशी वजन केलं, तर २ किलो ६९० ग्रॅम. दोनशे दहा ग्रॅम कमी! माझ्या हिशेबात भांडारातला माल कमी भरला की चौकशी लागते. मी कोणालाही न विचारता स्कूटर काढली आणि पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आलो. टेबलावर ठेवला आणि म्हणालो, ‘मुलगी उपाशी राहतेय. आजपासून वरचं सुरू करा.’

बायको काही बोलली नाही. आतल्या खोलीत गेली, कपाटातून एक जुनं आंतर्देशीय पत्र काढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. अक्षर माझंच. सप्टेंबर १९९०. तिने मला कळवलं होतं की बाळ संध्याकाळी फार रडतं, दोन्ही घरच्या बायका म्हणतात दूध पुरत नाही, काय करू? आणि मी दोन हजार किलोमीटरवरून, बाळाचं तोंडही न बघता, उत्तर लिहिलं होतं: पैशाचा विचार करू नको, डबा सुरू कर.

म्हणजे तो निर्णय माझा होता, आणि मी तो साफ विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती. ती एवढंच म्हणाली, ‘मला दूध होतं. पण सगळ्यांनीच नाही म्हटलं, तर माझाही विश्वास बसला. हिच्या बाबतीत तसं करू नका.’

मंडळी, आजच्या बोलण्याचं कारण ते पत्र आहे. पहिल्या महिन्यांत ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य घराघरांत बोललं जातं. बहुतेक वेळा बोलणारा माणूस प्रेमाने बोलतो, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. मग खरं काय ते ओळखायचं कसं?

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डबा मी पिशवीत बरोबर नेला होता. डॉक्टरीणबाईंनी डब्याकडे पाहिलं नाही, माझी वही पाहिली. म्हणाल्या, ‘जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं. अंगातलं जास्तीचं पाणी जातं. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. तुमचं सात टक्के उतरलंय. आता बाळ पिताना बघू.’

आणि त्यांनी खरोखर बसून पाहिलं. बाळ नुसतं स्तनाग्र तोंडात धरत होतं. त्यांनी मुलीला नीट बसवलं, पाठीला उशी दिली आणि बाळाचं पोट आईच्या पोटाला लावून घेतलं. बाळाने तोंड मोठं उघडलं पाहिजे, भोवतीचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी आईच्या अंगाला टेकलेली हवी. पाच मिनिटांत बाळाच्या घशातून गिळण्याचा आवाज येऊ लागला. माझ्या मुलीचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी मला तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या. पहिली, बाळ मागतं का? चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं हे नेहमीचंच आहे. दुसरी, ओलं करतं का? पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा शू झाली पाहिजे, तीही फिक्या रंगाची. तिसरी, वाढतं का? दोन आठवड्यांनंतर पहिले तीन महिने रोज सरासरी पंचवीस-तीस ग्रॅम. मात्र वजन रोज करायचं नाही. आठवड्याने, पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर.

रडणं या यादीत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. बाळ भुकेने रडतं, तसंच उकाड्याने, ओल्या लंगोटाने, पोटातल्या वाऱ्याने आणि नुसत्या थकव्यानेही रडतं. संध्याकाळचं रडणं तर सहा आठवड्यांच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. १९९० साली आमच्या मुलीला नेमके सहा आठवडे झाले होते.

चौदाव्या दिवशी नातीचं वजन २ किलो ९३० ग्रॅम भरलं. जन्माच्या वजनाच्या वर. डबा तसाच बंद.

आता माझी दुसरी चूक सांगतो. वही मी सोडली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी बाळ दर पाऊण तासाने प्यायला मागत होतं. मी दारातून म्हणालो, ‘अगं, आत्ताच तर पाजलंस, सत्तेचाळीस मिनिटं झालीत फक्त.’ मुलगी रडायला लागली. म्हणाली, ‘बाबा, ही पलटण नाही. तुम्ही मिनिटं सांगितलीत की मला वाटतं मीच नापास झाले.’

तिचं खरं होतं. अंगावरचं दूध टाकीत भरून ठेवलेलं नसतं. बाळ जितकं ओढेल तितकं शरीर पुढे बनवतं. मध्येच वाढीचा जोर येतो, तेव्हा बाळ एक-दोन दिवस सारखं पितं आणि त्यातूनच दूध वाढतं. त्याच वेळी आपण घाबरून बाटली दिली की बाळाचं पोट भरतं, ते कमी ओढतं आणि शरीर समजतं की आता मागणी घटली. मग दूध खरोखरच कमी होतं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, आम्ही सांगितलं होतं.’ मी आयुष्यभर रसद पोचवली, पण हा मागणी-पुरवठा मला साठी ओलांडल्यावर कळला.

झोपेचंही तसंच. नवजात बाळ दिवसभरात चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. दिवस-रात्र त्याला अजून कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी हळूहळू कळू लागतं. दूध तयार करणारा हार्मोन रात्री जास्त असतो, म्हणून रात्रीचं पाजणं टाळायचं नसतं. ‘पोट भरलं असतं तर रात्रभर झोपली असती’ हे वाक्य आमच्याकडे तीन जणांनी ऐकवलं. दीड महिन्याचं बाळ रात्री उठतं, कारण ते दीड महिन्याचं आहे.

झोपवायचं ते पाठीवर. पालथं नाही, कुशीवर नाही. १९९० नंतर ब्रिटन, अमेरिका अशा देशांत बाळाला पाठीवर झोपवा हे घरोघर सांगितलं गेलं आणि झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली आले. डोक्याला आकार यावा म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात. बायकोनेही शिवून ठेवली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पहिलं वर्ष उशी नको, मऊ गादी नको, तोंडाजवळ दुपट्याची गुंडाळी नको. मोहरी परत डब्यात गेली.

मे महिना आला. पारा चव्वेचाळीसला टेकला. शेजारच्या काकी ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘दो बूँद दे दो, गला सूख रहा होगा।’ नर्मदामाईला नाही कसं म्हणायचं? बायकोने ती बाटली देवापाशी ठेवली, काकींना पन्हं दिलं आणि पाण्याचं बोट बाळाच्या कपाळाला लावलं. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी लागत नाही, भर उन्हाळ्यातही नाही. गुटी नको. मध तर वर्षभर नकोच, त्यातून बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र डॉक्टरांनी लिहून दिले, ते रोज दिले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. वजनकाटा, घड्याळ आणि वही यांनी बाळं वाचतात, हे जगाला आपल्या विदर्भाने दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत काम केलं. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी तयार केलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ताप बघायचा, बाळ उबेत ठेवायला आणि पाजायला आईला शिकवायचं, आणि जंतुसंसर्ग ओळखून औषधही द्यायचं. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं. पुढे २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ बघतात, त्याचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. आशाताई दारात आल्या तर ‘आमचे मोठे डॉक्टर आहेत’ म्हणून परत पाठवू नका.

त्या बायकाही वहीच भरत होत्या. पण त्या वहीतून बाळाला काय हवं ते बघत होत्या. मी माझ्या वहीतून आईची हजेरी घेत होतो. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. त्या रात्रीनंतर मी मिनिटांचे रकाने खोडले. वहीत एका बाजूला ओले लंगोट आणि पंधरवड्याचं वजन. दुसऱ्या बाजूला माझी कामं: पहाटे लंगोट धुणं, पाजताना मुलीच्या हाताशी पाण्याचा तांब्या, दुपारी तिला दोन तास सलग झोप, आलेल्या पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत थोपवणं. शेवटचं काम मला उत्तम जमलं.

वाढीचा तक्ता माता-बाल संरक्षण कार्डात असतो. ज्या मापांवर तो आखला आहे ती जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सहा देशांतल्या बाळांवरून ठरवली. त्यात आपल्या दिल्लीचीही बाळं होती. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. आपलं बाळ आपल्या रेषेला धरून चाललंय का, तेवढं बघा.

आणि गैरसमज नको. कधी कधी दूध खरंच कमी पडतं. बाळ फार लवकर जन्मलेलं असतं, आईचं आजारपण असतं. डॉक्टरांनी तपासून वरचं दूध सांगितलं तर ते द्यावं आणि त्या आईने मान खाली घालू नये. माझी बायको इतकी वर्षं घालून होती. तसंच, बाळ प्यायचं थांबलं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर वही मिटा आणि त्याच घटकेला दवाखाना गाठा. रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका.

नात पाच महिन्यांची झाली तेव्हा वजन ५ किलो ९०० ग्रॅम भरलं, जन्माच्या दुपटीच्या थोडं वर. मुलगी पुण्याला परत गेली. तिला गाडीत बसवून आम्ही घरी आलो आणि मी बायकोला म्हणालो, ‘१९९० सालच्या त्या पत्राबद्दल मला माफ कर.’ ती म्हणाली, ‘तुम्ही तेव्हा इथे असता, तरी तेच सांगितलं असतं.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘पण या वेळी ऐकलंत.’

आजोबा मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. घरात बाळंतीण असेल तर ‘दूध पुरतंय का?’ असं तिला विचारू नका. ‘तुला काय आणून देऊ?’ असं विचारा.

जय हिंद.