इन्सब्रुकला कधी जावे?
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



लिफ्टमध्ये भेटलं की मंडळी विचारतात, "साहेब, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला कधी जावं?" गाव बारमाही आहे. पण आधी गुडघे कसे आहेत ते सांगा!

पहिल्या खेपेला आम्ही टूरबरोबर गेलो. सोन्याचं छप्पर, म्हणजे सम्राट मॅक्सिमिलियनच्या सज्जावरचे सोन्याचा मुलामा दिलेले 2,657 तांब्याचे पत्रे, त्याखाली फोटो काढला की लगेच बस. समोरच्या डोंगराकडे बघत सौ. म्हणाली, "बर्फ वर, आणि आपण खालीच." ते मनाला लागलं. पुढच्या खेपेला जूनमध्ये स्वतंत्र गेलो, चार दिवस राहिलो.

शहर 574 मीटरवर. जुन्या गावालगत गाडीत बसायचं, पुढे दोन रोपवे बदलायचे, की हाफेलेकार, 2,250 मीटरच्या वर! चढण नाही. सौ.ने काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी बर्फ उचलला.

मात्र मे महिन्याची सुट्टी बघून तिकिटं काढू नका. स्कीइंगचा हंगाम संपला की वरचे रोपवे देखभालीसाठी बंद ठेवतात, नोव्हेंबरातही. तारखा आधी बघा. डिसेंबरात नाताळचा बाजार सुंदर, पण रस्ते निसरडे. पावसाच्या दिवशी हॉफकिर्शे बघा: 28 भव्य ब्राँझचे पुतळे सम्राटाच्या कबरीभोवती उभे, आणि कबर रिकामी! त्याला पुरलंय व्हिनर नॉयश्टाटला.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. माझी फाईल तयार आहे. पाचनंतर या, दुपारी मी झोपतो.