सेलेनियम : हवे तेवढेच
(खोपट, ठाणे येथे दूध उत्पादकांपुढे दिलेले भाषण)



म्हैस व्याल्यावर वार वेळेवर पडत नाही, सेलेनियम द्यावे का, असे गोठेवाले नेहमी विचारतात. उत्तर देण्यापूर्वी शरीर या खनिजाचे काय करते ते पाहू.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती कशी ओवायची हे जनुकात तीन-तीन अक्षरी शब्दांत लिहिलेले असते. त्यांपैकी ‘यूजीए’ या शब्दाचा नेहमीचा अर्थ ‘माळ संपली’ असा आहे. १९८६ मध्ये उंदराच्या ग्लुटाथायोन परऑक्सिडेज या विकराचे जनुक वाचले गेले. तेव्हा याच शब्दावर माळ न थांबता सेलेनोसिस्टिन हे सेलेनियमयुक्त अमिनो आम्ल ओवले जाते, असे आढळले.

हे पेशीला कसे कळते? जनुकाच्या संदेशात पुढे ‘सेसिस’ नावाची एक दुमड असते. ठरावीक प्रथिने ती ओळखतात आणि सेलेनोसिस्टिन आणवतात. ते वाहून आणणारा आरएनए वेगळाच असतो. त्याच्यावर आधी सेरीन चढते आणि तेथेच त्याचे सेलेनोसिस्टिन होते. या आरएनएचे जनुक काढून टाकले तर उंदराची पिल्ले गर्भातच मरतात. गाई-म्हशींतही हीच पद्धत चालते.

सेलेनियम कमी पडले की हे विकर घटते, पेशींतील घातक परऑक्साइडे साचतात. वार अडकणे, कासदाह, वासरांचे स्नायू पांढरे पडणे यांचा धोका वाढतो. मात्र गरज भागल्यावर जादा सेलेनियम दिले तरी विकर वाढत नाही. उलट विषबाधेची भीती असते. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागात सेलेनियमयुक्त जमिनीवरचा चारा खाऊन जनावरांचे केस गळाले, खुरे झडली. आपल्याकडे २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत अनेकांचे केस अचानक गळले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले.

दुभत्या गाईच्या एक किलो कोरड्या आहारात सुमारे ०.३ मिलीग्रॅम सेलेनियम पुरते. रोज १२ किलो कोरडा आहार धरला तर एक ग्रॅम नऊ महिने जाईल! म्हणून :

१. चांगल्या प्रतीचे खनिज मिश्रण पिशवीवरील प्रमाणानेच द्यावे.
२. दोन कंपन्यांची मिश्रणे एकत्र करू नयेत. सेलेनियमची सुटी भुकटी घरी मिसळू नये.
३. ‘ई’ जीवनसत्त्व सेलेनियमचा जोडीदार आहे. नुसत्या पेंढ्यावर न राहता हिरवा चारा द्यावा.
४. वार अडकण्याची इतरही कारणे असतात. इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.