पाणी सुटलंय, पण दारं कोण धरणार?

हातातली कामं चालू राहू द्या. भाकरी थापता थापता, शेळ्यांना पाला टाकता टाकता ऐकलंत तरी चालेल. आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आमचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, बारामती तालुका संपून इंदापूर लागतो त्या बाजूला. आज बोलायचंय ते आपल्या पोरापोरींच्या हातातल्या मोबाइलबद्दल. सुरुवात मात्र आमच्याच एका चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी दहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगा दहावीत, मोबाइलसाठी हटून बसलेला, दोन दिवस नीट जेवला नव्हता. आम्ही पाच मिनिटांत कर्ज मंजूर केलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या ताई उभ्या राहिल्या. त्यांची लेक अकरावी सायन्सला, रोज एसटीनं बारामतीला जाणारी. तिला मोबाइल हवा होता, सात हजारांचा. त्या कर्जावर आम्ही तासभर बोललो. "पोरीच्या हातात कशाला?" "उद्या काही कमी-जास्त झालं तर?" "भावाचा आहे की घरात!" शेवटी 'पुढील बैठकीत विचार करू' असं प्रोसिडिंगला लिहिलं आणि चहा पिऊन उठलो.

त्या लेकीला कॉलेजचे निरोप भावाच्या मोबाइलवर यायचे. भाऊ उसाच्या ट्रॅक्टरवर, रात्रभर बाहेर आणि सकाळी झोपलेला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख त्याच्या मोबाइलवर आली आणि तिथंच राहिली. पुढच्या बैठकीत आम्ही मोठ्या मनानं कर्जाचा विषय काढला. तिची आई एवढंच म्हणाली, "आता घाई नाही. तारीख गेली."

तो शब्द आम्हाला लागला. तेव्हापासून या विषयावर आम्ही जरा नीट विचार करायला लागलो.

मैत्रिणींनो, मोबाइल आपल्या घरात शिरला कसा ते आठवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पुढं दीड वर्ष त्या धड भरल्या नाहीत. शाळा मोबाइलवर आली. ज्या घरात साधा फोन होता तिथं शेरडू विकून, कर्ज काढून मोठा मोबाइल आला. एक मोबाइल आणि तीन पोरं. रेंज नाही म्हणून पोरं घराच्या स्लॅबवर नाहीतर पाण्याच्या टाकीखाली बसायची. मग शाळा उघडल्या, पोरं वर्गात गेली. मोबाइल मात्र घरातच राहिला. त्याचं पुढं काय करायचं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

कालव्याला पाणी सुटतं तेव्हा आपण काय करतो? पाणी आलं म्हणून रानात सोडून घरी येऊन झोपत नाही. कुणीतरी दारं धरायला जातं, रात्र असली तरी. एक सरी भिजली की दारं मोडायचं, दुसऱ्या सरीला पाणी लावायचं. दारं न धरता पाणी सोडून दिलं तर काय होतं, हे आपल्या भागाला सांगायला नको. उसाला पाणी पाजून पाजून चोपण झालेली रानं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. आणि वरच्या अंगाचे लोक सगळं पाणी ओढून घेतात तेव्हा टेलच्या रानाचं काय होतं, तेही आपल्याला माहीत आहे.

मोबाइलचं तसंच झालंय. एका पोराच्या रानात पाणी तुंबलंय आणि त्याच घरातली पोरगी टेलला बसलीय.

हे आमच्या गावापुरतं नाही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल निघतो. ही माणसं खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना विचारतात. २०२३ साली त्यांनी देशातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. मोबाइल वापरता येणाऱ्या दर शंभर मुलग्यांमध्ये जवळपास ४४ जणांकडं स्वतःचा मोबाइल होता. मुलींमध्ये शंभरात फक्त २०. म्हणजे आमच्या बैठकीत जे झालं, ते देशभर घरोघर चाललंय. पुढं २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं, की गेल्या आठवड्यात मोबाइलवर काय केलं? शंभरातल्या ७६ जणांनी सोशल मीडिया पाहिला होता. अभ्यासाचं काही केलं, असं सांगणारे ५७.

आता तो दहा हजारांचा मोबाइल. त्या पोरानं काय केलं? सुरुवातीला आई कौतुकानं सांगायची, "अभ्यास करतोय, रात्री एक-एक वाजेपर्यंत जागतो." आम्हालाही खरं वाटलं. मग विज्ञानाचा प्रकल्प आला. विषय 'पाण्याचा ताळेबंद'. पोरानं मोबाइलवरून उतरवून झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट आणली. वीस पानं! आईनं सहज विचारलं, "आपल्या उसाला पाणी किती लागतं लिहिलंय का यात?" त्याला सांगता येईना. कालवा दारात, रान समोर, बाप पाटकऱ्याशी पाळीवरून रोज भांडतोय. आणि पोराच्या वहीत कुठल्या तरी परक्या मुलखातली माहिती. त्याचा त्याला एक शब्द कळला नव्हता.

पोरगा वाईट नाही. पण उत्तर बोटावर आलं की डोकं वापरायची गरज उरत नाही. आपण रोज हिशोब तोंडी करतो म्हणून तो आपल्याला येतो. पोरांचं डोकंही वापरानंच चालतं. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय, की अभ्यासातून एकदा लक्ष उडालं की ते परत बसायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आता एका तासात मोबाइल किती वेळा वाजतो ते तुम्हीच मोजा.

मग बंदच करावा का? तसंही काही गावांनी करून पाहिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं २०२२ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी करायचा ठराव केला. त्यामागची तळमळ आम्हाला समजते. पण आमच्या गटात एक भीती निघाली. बंदी आली की पोरगा मित्राच्या मोबाइलवर बघणारच. पोरीला मात्र घराबाहेर मित्राकडं जाता येत नाही, तिचंच दार पुरतं बंद होतं.

आम्हाला जास्त पटलं ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं. तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, की टीव्ही आणि मोबाइल बंद. दीड तास पोरांनी अभ्यास करायचा. आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरले. यातली मोठी गोष्ट ही, की मोबाइल मोठ्यांनीही ठेवायचा.

आमच्याकडं भोंगा नाही. आम्ही गटातल्या अकरा घरांपुरतं ठरवलं, साडेसात ते साडेआठ. घरातले सगळे मोबाइल कोनाड्यात. पहिल्या आठवड्यात नियम मोडला कुणी सांगू? आम्हीच. मालिका संपायला दहा मिनिटं राहिली होती! पोरं हसली आणि त्यांचं बरोबरच होतं. मग आम्ही त्या तासात पोरांशेजारी बसायला लागलो. कुणी शेंगा फोडायच्या, कुणी गटाचं रजिस्टर लिहायचं.

आमच्यातल्या निम्म्या जणींची शाळा चौथी-सातवीत सुटलेली. आम्हाला वाटायचं, आपण काय पोरांचा अभ्यास घेणार? पण अभ्यास घ्यावा लागत नाही, फक्त विचारावं लागतं. रोज एकच प्रश्न, "आज मोबाइलवर काय पाहिलंस ते मला मोबाइलशिवाय सांग." ज्याला खरं कळलंय तो आपल्यासारखीला समजेल असं सांगतो. ज्याला कळलं नाही तो म्हणतो, "तुला नाही कळणार, आई." हे वाक्य आलं, की समजायचं अजून वाचायचं बाकी आहे.

आणखी एक. पोरांच्या सरकारी पाठ्यपुस्तकावर काळी-पांढरी ठिपक्यांची चौकट असते, तिला क्यूआर कोड म्हणतात. दीक्षा ॲप उघडून मोबाइल तिच्यासमोर धरला, की त्याच धड्याची माहिती, व्हिडिओ समोर येतात. पुस्तकात असे कोड आणण्याच्या कामात उजनीच्या पलीकडचे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले पुढं होते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. आज घरी गेल्यावर पोराला म्हणा, "ती चौकट उघडून दाखव." कित्येक पोरांनी अजून ती उघडलेलीच नाही.

आता एक चांगली गोष्ट. आमच्यातल्या एकीची लेक आठवीत आहे. तिनं आजीला म्हटलं, "तू जात्यावर म्हणायचीस ते म्हण, मी रेकॉर्ड करते." आजी लाजली. म्हणाली, जातं कुठंय आता, गिरणीत दळतो आपण. मग कोपऱ्यातलं जातं धुऊन पुढं घेतलं, मूठभर ज्वारी टाकली, आणि दोन घास पडल्यावर आवाज आपोआप आला. पोरीनं ते ऐकून ऐकून वहीत उतरवलं. कळले नाहीत ते शब्द आजीला विचारले. महिन्याभरात चाळीस ओव्या झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आपल्या पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगावच्या बायांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांना त्यासाठी टेपरेकॉर्डर घेऊन गावं पालथी घालावी लागली. आज ते यंत्र आपल्या पोरीच्या हातात आहे. त्याच मोबाइलवर दुसऱ्याचं नाचणं बघत बसता येतं आणि आजीचा आवाजही जपता येतो.

शेवटचं, पोरींबद्दल. आपल्याला भीती वाटते आणि ती खोटी नाही. कुणी फोटो पळवतो, कुणी खोटं नाव घेऊन बोलतो. पण मोबाइल काढून घेतला तर पोरगी सुरक्षित होत नाही, ती फक्त सांगायची थांबते. आम्ही घरोघर मुलींना सांगितलंय, "काही झालं तर आधी आम्हाला सांग, आम्ही मोबाइल काढून घेणार नाही." आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, मोबाइलवरून पैशांची फसवणूक झाली तर १९३०, हे दोन नंबर चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेत. तुम्हीही लिहा.

त्या अकरावीच्या लेकीला आम्ही कर्ज दिलं, उशिरा का होईना. गेलेली शिष्यवृत्ती काही परत आणता आली नाही. ती आता बारावी झालीय आणि गटाचं पासबुक मोबाइलवर बघायला आम्हाला तिनंच शिकवलंय. तेव्हा प्रोसिडिंगच्या वहीत आम्ही एक ठराव लिहिला. शिक्षणासाठी कर्ज मागताना 'मुलगा की मुलगी' हा प्रश्न आमच्या गटात विचारला जाणार नाही. खाली अकरा सह्या आहेत, दोन अंगठे आहेत.

पाणी सुटलंय, मैत्रिणींनो. ते आता थांबत नाही. दारं आपणच धरायची आहेत, आणि टेलच्या रानापर्यंत पाणी पोचलंय का हेही आपणच बघायचं आहे. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. येतो आम्ही. नमस्कार.